पट्टा आवळूनही डिझेलची टाकी का हलते?

या वेळच्या पत्रांत डिझेलच्या टाकीविषयीचे प्रश्न बरेच आहेत, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून एकाच विषयाला बसलो. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर मालक तिथल्या तिथे गाडी उभी करतो. टाकी महिनोन् महिने हलत असली तरी तिच्याकडे कोणी वाकून बघत नाही. वर्कशॉपमध्ये फोरमन होतो तेव्हापासून मला ही गोष्ट खटकत आली आहे.

प्रश्न : काका, माझा ट्रेलर ओढणारा ट्रक आहे. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या गोल टाक्या आहेत. डाव्या टाकीचे पट्टे सारखे सैल होतात. गॅरेजवाला हवेच्या गनने नट आवळून देतो. थोडे दिवस बरे जातात, मग खड्ड्यातून गाडी गेली की टकटक सुरू. आता एका बोल्टचे आटेही गेले. जाड पत्र्याचा पट्टा बनवून घ्यावा का?

उत्तर : जाड पट्टा बनवू नका. पट्टा वारंवार सैल होतो म्हणजे दोष बहुतेक करून पट्ट्यात नसतो, तो पट्ट्याच्या खाली असतो.

आधी वजन कुठे बसतं ते बघा. डिझेलचं एक लिटर साधारण ८४० ग्रॅम भरतं. टाकीत ४०० लिटर असेल तर नुसतं डिझेलच ३३५ किलोच्या आसपास झालं, टाकीचं वजन वेगळं. हा सगळा भार चासीला, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याला, बोल्टने बसवलेल्या ब्रॅकेटवर असतो. टाकी त्या ब्रॅकेटच्या कुशीत, म्हणजे गोलाकार बैठकीत, बसते. पट्ट्याचं काम तिला त्या कुशीत दाबून ठेवायचं, म्हणजे ती उसळणार नाही, फिरणार नाही आणि ब्रेक मारला की पुढे सरकणार नाही. आत आडवे पडदे असतात म्हणून डिझेल एकदम धावत नाही, तरीही अर्ध्या भरलेल्या टाकीत ते बऱ्यापैकी हिसका देतं. ब्रॅकेटची कूसच बिघडली असेल तर पट्ट्याला त्याचं नसलेलं काम करावं लागतं आणि तो हरतो. जाड पट्टा उलट कमी वाकतो, त्यामुळे टाकीच्या गोलाईला सगळीकडे सारखा टेकत नाही आणि दोन-तीन ठिकाणीच रुततो.

आता टॉर्च घेऊन खाली बसा. पट्टा आणि टाकी यांच्यामधली रबराची पट्टी सगळ्या लांबीभर दिसते का ते बघा. मग पट्ट्याच्या कडेने बोट फिरवा. बोटाला करडा-काळा, ओलसर, किंचित खरखरीत लेप लागला तर ती नुसती रस्त्याची धूळ समजू नका. घासून निघालेलं ॲल्युमिनियम असं दिसतं. तो लेप फडक्याने पुसा आणि त्या जागी नख आडवं ओढा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. पट्ट्याच्या कडेला टाकीचा पत्रा आरशासारखा चकचकीत झाला असेल तर टाकी तिथे मागेपुढे होते आहे, हे धरून चाला.

त्यानंतर ब्रॅकेट. हे बहुतेक लोक बघतच नाहीत. ब्रॅकेट चासीच्या चॅनलला (लांब पोलादी तुळईला) ज्या बोल्टनी धरलेली असते, त्यांच्या वायसरखालून तांबूस ओघळ आला आहे का? बोल्टच्या डोक्याभोवतीचा रंग गोल तडकला आहे का? मग गाडीला हँडब्रेक लावा, चाकांना उटी (चाक न हलण्यासाठीचा ठोकळा) लावा, इंजिन बंद ठेवा आणि कोणाला तरी टाकी जोर लावून हलवायला सांगा. तुम्ही बोटं अशी ठेवा की अर्धं बोट ब्रॅकेटवर आणि अर्धं चासीवर राहील. त्या सांध्यात जराशीही हालचाल असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळते. ब्रॅकेटच हलत असेल तर पट्टा कितीही आवळा, टाकी ब्रॅकेटसकट हलणार.

तुमच्या गाडीत माझा पहिला संशय रबरावर आहे. टकटक आवाज धातूवर धातू आपटल्याशिवाय येत नाही. रबर झिजलं, फाटलं किंवा सरकून बाहेर आलं की पोलादी पट्टा थेट ॲल्युमिनियमवर बसतो. मग नुसती झीज होऊन भागत नाही. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट पाणी, चिखल अडकला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात किंवा गाडी समुद्राच्या बाजूने फिरते, तिथे हे फार लवकर होतं. मी अशा टाक्या उतरवल्या आहेत ज्या बाहेरून चकाचक होत्या, पण पट्टा काढल्यावर खाली पांढरी पूड आणि तिच्याखाली वाटाण्याएवढे खड्डे. तुमच्या टाकीवर असे खड्डे निघाले तर वरून लेप लावून ती परत चढवू नका. टाकी दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. पत्रा पातळ झाला असेल तर टाकी बदलावी लागेल, आणि तो खर्च टाळू नये असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

रबर बदलायचं तर टाकी जागेवरून सुटणार. त्याआधी डिझेल शक्य तितकं काढून घ्या. पाव टाकी राहिली तरी ते एका बाजूला धावतं आणि जॅकवरची टाकी कलंडते. गोल टाकी सपाट जॅकवर ठेवायची नाहीच, तिला खोलगट लाकडी बैठक करा. सक्शन (इंजिनाकडे डिझेल नेणारा) आणि रिटर्न (उरलेलं परत आणणारा) हे पाइप सोडायच्या आधी त्यांवर खूण करा, त्यांची अदलाबदल झाली की गाडी सुरू होताना डोकं फिरतं. डिझेल दाखवणाऱ्या काट्याची वायर सोडा, पाइपांची तोंडं स्वच्छ टोपणाने बंद करा. पट्टे सुटलेले असताना टाकीखाली हात, पाय, डोकं काहीही जाता कामा नये.

रबर कोणतं? जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घालायची पद्धत मी जागोजागी पाहिली आहे. कृपा करून ते करू नका. ट्यूबचं रबर डिझेलने फुगतं आणि मऊ पडतं. भरताना थोडं सांडतंच, ते ओघळून पट्ट्याखाली जातं, आणि पट्टे सैल होण्याचं हे एक मोठं कारण आहे. गाडीच्या कंपनीची पट्टी मिळत असेल तर तीच घ्या, नाहीतर डिझेल सोसणारं नायट्राइल रबर. पट्टी पट्ट्यापेक्षा रुंद हवी, म्हणजे दोन्ही कडांना थोडी बाहेर राहते आणि पट्ट्याची धार टाकीला लागत नाही. ब्रॅकेटच्या कुशीतही तसंच रबर हवं, तिथलं विसरतात. कुठे घडी किंवा दुहेरी थर नको. त्या उंचवट्यावरच सगळा दाब येतो आणि बाकीचा पट्टा अधांतरी राहतो.

आता आवळणं. हवेची गन पट्ट्याला लावूच नये, हे माझं ठाम मत आहे. गन चाकाच्या नटांसाठी ठीक, आणि तिथेही शेवट टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्यानेच, करायचा. मोठ्या ट्रकच्या चाकाच्या नटाला ६०० न्यूटन मीटर किंवा त्याहून जास्त लागतात. पट्ट्याच्या बोल्टला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आहे, तो बघूनच पाना लावा. तुमच्या बोल्टचे आटे गेले ते याच गनमुळे गेले असणार. तो बोल्ट आणि नट दोन्ही बदला, नुसता नट नको. आट्यांना ग्रीस फासलंत तर त्याच टॉर्कला पट्टा जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तकात कोरडे म्हटलं असेल तर कोरडेच ठेवा. एक पट्टा पुरता आवळून मग दुसऱ्याला हात घालायचा, असंही करू नका. आलटून पालटून थोडं थोडं आवळा, म्हणजे टाकी सरळ बसते.

नवं रबर पहिल्या काही दिवसांत दबतं आणि पट्ट्याचा ताण उतरतो. हे होणारच. म्हणून टाकी पूर्ण भरून थोडी गाडी चालली की पुन्हा टॉर्क तपासायचा. एवढं केल्यावर रंगाच्या पेनने दोन खुणा करा, एक नटावरून बोल्टवर जाणारी आणि एक पट्ट्यावरून टाकीवर जाणारी. पहिली तुटली तर नट फिरला. पहिली जागेवर आणि दुसरी तुटली तर नट घट्ट असूनही टाकी आत फिरते आहे. गोल टाकी फिरली की भरायचं तोंड तिरकं होतं, वरचे पाइप ताणले जातात आणि काटा खोटं बोलायला लागतो. पाइप ताणून फिटिंगपाशी चिरला तर डिझेल रस्त्यावर, आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा त्यात काय दोष?

प्रश्न : सर, आमच्या ट्रकवर जादा सामानपेटी बसवायची आहे. त्यासाठी डिझेलची टाकी चासीवर साधारण फूटभर मागे घ्यावी लागेल. फॅब्रिकेटर म्हणतो, ब्रॅकेट कापून वेल्डिंगने मागे लावून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. करून घ्यावं का?

उत्तर : टाकी मागे घेता येते, पण अशी नाही.

मोठ्या ट्रकची चासी पुष्कळदा उष्णतेने संस्कार केलेल्या पोलादाची असते. त्यावर वेल्डिंग केलं की तेवढ्या भागातली ताकद उतरते आणि पुढे कधीतरी त्याच जागी तडा जातो. चॅनलच्या वरच्या आणि खालच्या वळलेल्या भागावर भोक पाडणंही तितकंच वाईट, कारण चासी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. ब्रॅकेट उभ्या बाजूलाच बोल्टने बसवायची. कंपनीने आधीच पाडलेली भोकं असतील तर ती वापरा. नवीन पाडावी लागली तर ती कडेपासून आणि एकमेकांपासून किती लांब हवीत, हे बॉडी बांधणाऱ्यांसाठी कंपनी जी पुस्तिका काढते तिच्यात दिलेलं असतं. बोल्ट मूळचे ज्या दर्जाचे होते त्याच दर्जाचे घ्या. आणि दोन ब्रॅकेटमधलं अंतर जितकं होतं तितकंच ठेवा. टाकीच्या आतले पडदे आणि बाहेरच्या ब्रॅकेटची जागा यांचा मेळ बनवणाऱ्याने घातलेला असतो.

फूटभर मागे गेल्यावर टाकी कशाकशाच्या जवळ येते ते मात्र स्वतः उभं राहून बघा. रिकाम्या गाडीवर मोजलेलं अंतर खरं नसतं. माल भरल्यावर मागची बाजू दबते, चाक खड्ड्यातून वर येतं, आणि चाकाला साखळी लावायची वेळ आली तर तिची जाडी वेगळी. ट्रेलर ओढत असाल तर तो जोडून गाडी पूर्ण वळवा आणि ट्रेलर उभा करायचे पाय टाकीच्या किती जवळून जातात ते दोन्ही बाजूंना पाहा. सायलेन्सर आणि धूर गाळायची पेटी यांपासून टाकी आणि पाइप लांब हवेत. ती पेटी आतली काजळी जाळते तेव्हा फार तापते.

पाइपांची लांबी वाढली म्हणून मध्ये तुकडा जोडून क्लिप मारू नका, सलग नवीन पाइप टाका. त्याला ठिकठिकाणी पकड द्या आणि चासीच्या धारेवरून जातो तिथे रबरी बुश घाला. तो टाकीच्या तळाखाली लोंबता कामा नये. अमेरिकेच्या संघराज्य वाहतूक नियमांत तर उघडा पाइप टाकीच्या तळाखाली २ इंचांहून जास्त उतरू नये, टाकीचा कोणताही भाग गाडीच्या रुंदीबाहेर येऊ नये आणि टाकी पुढच्या आसाच्या पुढे असू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्याकडचे नियम बघून घ्याच, पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. शिवाय टाकी हलवली की आसांवरचा भार बदलतो. भरलेल्या टाकीने एकदा वजनकाट्यावर वजन करून घ्या.

फॅब्रिकेटरचा अर्धा दिवस विसरा. हे दोन दिवसांचं नीट काम आहे.

प्रश्न : दोन टाक्या खालच्या पाइपने जोडलेल्या आहेत. उजवी टाकी बदलल्यापासून डावी भरली की उजव्या झाकणातून डिझेल येतं. झाकण बदलून पाहिलं.

उत्तर : नवी टाकी बहुतेक खाली बसली आहे. खालून जोडलेल्या दोन टाक्यांत डिझेल एकाच पातळीला येऊन थांबतं. एक टाकी दोन बोटं खाली असली तर उंच टाकी काठोकाठ भरेपर्यंत खालची ओसंडते, आणि वापरताना उंच टाकी आधी रिकामी होते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चासीच्या वरच्या कडेपासून दोन्ही टाक्यांच्या तळापर्यंत मोजा. फरक निघाला तर ब्रॅकेटची भोकं किंवा कुशीतलं रबर तपासा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ रबर घातलेलंही मी पाहिलं आहे. मापं सारखी निघाली तर ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची वाट, बघा. डावीचा ब्रीदर तुंबला असेल तर तिच्यातली हवा अडकून डिझेल दुसरीकडे ढकललं जातं. झाकण उघडताना हवा सुटल्याचा आवाज आला तर तेच कारण.

आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका. मी वर म्हटलेल्या अमेरिकी नियमांत टाकीची रचनाच अशी मागितली आहे की नेहमीसारखं भरताना ९५ टक्क्यांहून जास्त भरता येऊ नये. डिझेल तापलं की फुगतं. ४०० लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तर साडेसहा लिटरच्या आसपास वाढतं, त्याला जागा हवी.

प्रश्न : ब्रॅकेटला केसाएवढा तडा आहे. टाकी रिकामी करून, न काढता, जागेवरच वेल्डिंग चालेल का?

उत्तर : नाही, कधीच नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा असते. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही या समजुतीवर विसंबून लोकांनी जीव गमावले आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने तळाशी राहिलेलं थोडंसं डिझेलही वाफ होतं. ब्रॅकेट काढून नवी लावा. तडा गेलेली ब्रॅकेट सांधून मी कधी परत लावू दिली नाही. गाडीवर दुसरीकडे कुठे वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरी आणि कंपनी सांगते ते इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे जोड आधी सोडा.

प्रश्न : काका, मी चालक आहे, मेकॅनिक नाही. रस्त्यात पट्टा तुटला तर काय करायचं?

उत्तर : आधी गाडी हळू करून, रस्त्यापासून जितकी बाजूला नेता येईल तितकी न्या. जोरात ब्रेक मारू नका, टाकी पुढे सरकते. इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा. विडी-सिगरेट पेटवू नका आणि कोणाला पेटवू देऊ नका. मग टाकीखाली न शिरता बाजूने बघा. डिझेल गळतंय का, पाइप ताणला आहे का, टाकी ब्रॅकेटवर बसलेली आहे का.

गळत असेल किंवा टाकी ब्रॅकेटवरून घसरली असेल तर गाडी तिथून हलवायची नाही, मालक फोनवर काहीही म्हणो. मदत बोलावा. वाहतं डिझेल गटारात किंवा ओढ्यात जाऊ नये म्हणून माती टाका.

गळत नसेल, टाकी बसलेली असेल आणि दुसरा पट्टा शाबूत असेल, तर माल बांधायचा रॅचेट पट्टा टाकी आणि ब्रॅकेटभोवती घेऊन हाताने ताणा. तो पाइपांवरून, वायरवरून किंवा सायलेन्सरजवळून जाऊ देऊ नका, आणि त्याच्या कडेला धार लागते तिथे जाड फडकं घाला. एवढ्यावर फक्त जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत, अगदी हळू जायचं. गावी पोचेपर्यंत चालवायचा हा उपाय नाही. दोरी किंवा तार वापरू नका, तार पत्रा कापते. आणि वाटेत पंप लागला तरी त्या टाकीत डिझेल भरू नका.